अंतःकरणाची साक्ष : ठाणे-कल्याणच्या ख्रिस्ती इतिहासातील निष्ठा आणि दंभ

दंभ हा शब्द मराठी मनाला नवा नाही. एकनाथांपासून तुकारामांपर्यंत सर्व संतांनी ज्या एका दोषावर सतत कोरडे ओढले, तो हाच. माळ गळ्यात आणि लोभ पोटात, टिळा कपाळी आणि कपट मनी, अशा माणसाची त्यांनी केलेली हजेरी महाराष्ट्राच्या चांगल्या परिचयाची आहे. ख्रिस्ती धर्माच्या मुळाशीही याच दोषाविषयीचा तितकाच तीव्र तिटकारा आहे. चव्हाट्यावर उभे राहून प्रार्थना करणारे, दान करताना कर्णा वाजविणारे, पेल्याची बाहेरची बाजू तेवढी घासून पुसून ठेवणारे, अशा लोकांवर येशूने जितके कठोर शब्द उच्चारले, तितके त्याने पापी म्हणून हिणविलेल्यांवरही उच्चारले नाहीत. शुभवर्तमानांत अशा माणसासाठी जो ग्रीक शब्द येतो, त्याचा मूळ अर्थ रंगभूमीवरील नट असा आहे. मुखवटा चढवून दुसऱ्याचे बोलणे बोलणारा तो दांभिक, ही कल्पना त्या शब्दातच साठविलेली आहे.

परंतु मुखवट्याच्या आतील चेहरा इतिहासाला दिसावा कसा? बखरी, फर्माने, प्रवाशांची टिपणे आणि चर्चची दप्तरे यांत माणसे काय म्हणाली आणि त्यांनी काय केले एवढेच नोंदलेले असते. त्यांच्या मनात काय होते, याची नोंद कोणत्याही कारकुनाने ठेवलेली नाही. तथापि इतिहासाच्या हाती एक काटा आहे. एखाद्या माणसाने धर्म स्वीकारला, टाकला अथवा राखला तेव्हा त्याच्या पदरात काय पडले आणि त्याला काय गमवावे लागले, हे या काट्यावर बऱ्याच अंशी तोलता येते. अशा तुलनेस ठाणे आणि कल्याण या दोन प्राचीन नगरांइतकी योग्य भूमी महाराष्ट्रात क्वचितच आढळेल.

या कथेचा आरंभ सहाव्या शतकातील आहे. कॉस्मस नावाच्या एका व्यापाऱ्याने, जो पुढे संन्यस्त झाला असे म्हणतात, हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील ‘कल्लियाना’ या बंदरात ख्रिस्ती लोक असून त्यांचा धर्माध्यक्ष इराणातून नेमला जातो, असे लिहून ठेवले आहे. हे बंदर म्हणजे उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याणच होय, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. त्या मंडळींमागे कोणतेही राज्य नव्हते. व्यापाराच्या गलबतांबरोबर आलेली, परक्या राजांच्या सावलीत नांदणारी ती लहानशी वसाहत असावी. ठाण्यात चौदाव्या शतकातही अशा इराणी परंपरेच्या, म्हणजे नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे होती, असे ओदोरिक या इटालियन संन्याशाच्या वृत्तांतात आढळते. पंधरा घरे ही संख्या लहान खरी. पण ज्यांना कोणी बक्षीस देत नव्हते आणि ज्यांच्या धर्मात कोणाला फारसा रस नव्हता, अशा त्या घरांनी आपला दिवा विझू दिला नव्हता, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

याच घरांपैकी एकात १३२१ साली चार परदेशी अतिथी उतरले. तोलेन्तिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर हे तीन फ्रान्सिस्कन संन्यासी आणि तिफ्लिसचा दिमित्री हा त्यांचा दुभाषी बंधू. त्यांचा सोबती जोर्दानुस त्या वेळी ठाण्याबाहेर गेला होता. ठाण्यावर त्या काळी दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता. पुढे जे घडले त्याचे मूळ कोणत्याही धर्मवादात नव्हते, ते एका घरगुती भांडणात होते. यजमानाने आपल्या बायकोला मारहाण केली आणि त्या बाईने काझीकडे दाद मागितली. घरातील अतिथींनी हा प्रकार पाहिला असल्याचे तिने सांगितल्यावरून त्यांना साक्षीसाठी बोलाविण्यात आले. साक्ष बाजूस राहिली आणि धर्माची चर्चा सुरू झाली. इस्लामच्या प्रेषिताविषयी तुमचे मत काय, हा प्रश्न जेव्हा पुनःपुन्हा विचारला गेला, तेव्हा प्रथम टाळाटाळ करणाऱ्या संन्याशांनी अखेर आपले मत न लपविता सांगितले. ९ एप्रिल १३२१ रोजी तिघांचा शिरच्छेद झाला. चौथा पीटर त्या दिवशी सामान राखण्यासाठी घरीच राहिला होता. त्यालाही पकडण्यात आले, आणि धर्म सोडण्यास त्याने नकार दिल्यावर दोन दिवसांनी त्याचाही अंत झाला. पुढे ओदोरिकने त्यांच्या अस्थी गोळा करून चीनपर्यंत नेल्या.

या हकिगतीचा उल्लेख बहुधा हौतात्म्याची कथा म्हणून होतो, आणि ते योग्यच आहे. काझीसमोर एक संदिग्ध वाक्य उच्चारून जीव वाचविण्याची वाट त्या संन्याशांना मोकळी होती; ती त्यांनी अखेर घेतली नाही. परंतु कथेच्या उंबरठ्यावर उभी असलेली ती मार खाल्लेली स्त्री सहसा विस्मरणात जाते. ज्या घरात संत पाहुणे म्हणून उतरले होते, जेथे प्रार्थना होत होत्या, त्याच घरात पत्नीवर हात उगारला जात होता. तिला न्याय मागावयास परधर्मीयाच्या दारात जावे लागले. निष्ठेची कसोटी एकीकडे काझीच्या दरबारात लागत होती आणि दुसरीकडे माजघरात. पहिल्या ठिकाणी ती उतरली. दुसऱ्या ठिकाणी यजमान तिला उतरला नाही. आणखी एक विसंगती येथेच नोंदविली पाहिजे. ज्या नेस्टोरियन लोकांनी या संन्याशांना आसरा दिला, त्यांना ओदोरिकने पाखंडी ठरविले आहे. अन्न ज्याचे घ्यावे त्याच्या श्रद्धेला खोटी म्हणावे, ही वृत्ती पुढील शतकांत या किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर अवतरणार होती.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई, साष्टी आणि मुंबई ही ठिकाणे पोर्तुगीजांना तोडून दिली. ठाणे हे साष्टी बेटावरील प्रमुख नगर. आता प्रथमच येथील ख्रिस्ती धर्माच्या पाठीशी राजदंड उभा राहिला आणि त्याबरोबर निष्ठेचा काटा बिघडला. अंतोनिओ दो पोर्तो या फ्रान्सिस्कन धर्मगुरूच्या पुढाकाराने मंडपेश्वरच्या लेण्यांत चर्च उभे राहिले. पुष्कळ देवळे पडली. १५५९ मध्ये आईबापांविना पोरक्या झालेल्या हिंदू मुलांना ताब्यात घेऊन ख्रिस्ती संस्कारांत वाढवावे, असा राजादेश निघाला. सरकारी कामे आणि सवलती यांत ख्रिस्ती माणसाला अग्रहक्क मिळू लागला. बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर तांदूळ, जमीन आणि अभय ही जेव्हा वाटली जाऊ लागतात, तेव्हा ते पाणी तहानेने प्यालेला कोण आणि भुकेने प्यालेला कोण, हे सांगणे पुरोहितालाही शक्य नसते.

या राजवटीतील दंभ १५६७ च्या गोव्यातील पहिल्या प्रांतिक धर्मसभेच्या ठरावांइतका स्पष्ट अन्यत्र कोठेही दिसत नाही. बळजबरीने अथवा धाक घालून कोणालाही ख्रिस्ती करणे योग्य नाही, असे त्या सभेने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर केले. आणि त्याच सभेने देवळे मोडावीत, हिंदू पुरोहितांना राज्याबाहेर घालवावे, त्यांचे सार्वजनिक धर्मविधी बंद करावेत, अशी शिफारस केली. तलवार गळ्याला लावावयाची नाही. मात्र गावातील देव, पुरोहित, सण आणि विवाहाचा मंडप हे सर्व काढून घ्यावयाचे आणि मग उरलेल्या एकुलत्या एक उघड्या दाराने माणूस आत आला की तो स्वेच्छेने आला असे लिहावयाचे. तत्त्व शुद्ध राखून व्यवहार हवा तसा करण्याची ही रीत सत्ताधाऱ्यांच्या दंभाचा उत्तम नमुना होय.

अशा मार्गाने आत आलेल्यांच्या मनाविषयी त्याच सत्तेला पुढे संशय वाटू लागला, हे स्वाभाविकच होते. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायपीठ, स्थापन झाले होते व त्याचा अधिकार वसई-साष्टीपर्यंत चालत असे. नवख्रिस्ती लोक घरात गुप्तपणे जुने आचार पाळतात काय, याची चौकशी हे त्याचे एक मोठे काम झाले. १७३६ साली या न्यायपीठाने गोव्यातील ख्रिस्ती लोकांसाठी जे निषेधपत्र काढले, त्यात अंगणात तुळस लावणे आणि भात मिठाशिवाय शिजविणे यांसारख्या गोष्टीही वर्ज्य ठरविल्या. श्रद्धेचा शोध अंतःकरणात घेता येत नाही असे दिसल्यावर तो तुळशीच्या कुंडीत आणि भाताच्या तपेल्यात सुरू झाला. परिणाम व्हावयाचा तोच झाला. ज्याच्यावर पाळत असते तो अभिनय शिकतो. दंभ शोधण्यासाठी उभारलेल्या यंत्रणेने दंभाचीच शाळा उघडली.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. धाकापोटी क्रूसासमोर गुडघे टेकणारा आणि रात्री आपल्या कुलदैवताची आठवण काढणारा तो शेतकरी अथवा कोळी, त्याला दांभिक म्हणावयाचे काय? शब्दाच्या अर्थाप्रमाणे तो मुखवटा घातलेला होता यात शंका नाही. परंतु मुखवटा स्वतः होऊन चढविणारा आणि ज्याच्या तोंडावर तो दुसऱ्याने बांधला तो, या दोघांना एकाच तराजूत घालणे न्यायाचे होणार नाही. येशूने ज्यांना फटकारले ते सत्ता, मान आणि पुढचे आसन यांसाठी धर्माचे सोंग आणणारे होते. भीतीने गप्प राहिलेले गरीब नव्हते.

या दोन शतकांत केवळ सक्तीच होती, असे मात्र समजू नये. ठाण्यातील रेशीम विणणाऱ्यांत ख्रिस्ती कुटुंबे होती आणि ती पिढ्यान्‌पिढ्या आपला धंदा व धर्म दोन्ही चालवीत होती. फ्रान्सिस्को वाझ दि गिमरांइश या धर्मगुरूने येशूच्या दुःखसहनाची कथा मराठी पद्यात रचली. १६५९ मध्ये छापलेले हे पुराण वसई-साष्टीच्या ख्रिस्ती घरांत उपासाच्या दिवसांत वाचले जाई. राजाज्ञा पोर्तुगीजमध्ये येत असत, पण दुःखाची कथा मराठीत ऐकली जात होती. आज्ञेने डोके लवते. कथेने डोळे भरतात. ज्या नातवाने आजीच्या मांडीवर बसून ते पुराण ऐकले, त्याच्या दृष्टीने हा धर्म परक्यांनी लादलेला उरला नव्हता. पणजोबांनी भयाने घेतलेली गोष्ट त्याच्या हाती वारसा म्हणून आली होती. आरंभी खोटी असलेली नोंद तिसऱ्या-चौथ्या पिढीत खरी होऊ शकते, हे इतिहासातील एक विलक्षण सत्य होय.

ते खरोखर घडले की नाही, हे पाहण्याची संधी अठराव्या शतकाने दिली. पोर्तुगीजांच्या धार्मिक जुलमाची गाऱ्हाणी पेशव्यांच्या दरबारापर्यंत पोहोचविण्यात भिवंडीजवळच्या अंजूर गावच्या नाईक घराण्याचा मोठा हात होता. १७३७ च्या मार्चमध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले. तेथील किल्ल्याचे बांधकाम पोर्तुगीजांनी अद्याप पुरेही केलेले नव्हते. तुळस निषिद्ध ठरविणारे पत्र निघून पुरते एक वर्षही झाले नव्हते. मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या सैन्यापुढे वसईचा कोट शरण आला. शरणागतीच्या करारात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक देण्यात आली. पोर्तुगीज अंमलदार, जमीनदार आणि युरोपीय धर्मगुरू निघून गेले. अनेक चर्चे ओस पडली, आणि वसईच्या घंटा महाराष्ट्रातील देवळांत टांगल्या गेल्या.

आता साष्टीतील ख्रिस्ती माणसाला ख्रिस्ती राहण्याबद्दल एक दाणाही मिळणार नव्हता. उलट, धर्म सोडला तर नव्या राज्यकर्त्यांच्या नजरेत त्याची पत वाढण्याचाच संभव होता. अंतःकरणाची यापेक्षा उघड परीक्षा योजूनही करता आली नसती.

तिचा निकाल एकेरी लागला नाही, आणि म्हणूनच तो विश्वसनीय वाटतो. काही लोक परत हिंदू धर्मात आले. हे परतणे पुढेही चालू राहिले. १८२० च्या दशकात साष्टीतील काही आगरी कुटुंबे ख्रिस्ती धर्म सोडून हिंदू झाली व ‘उरप आगरी’ या नावाने ओळखली जाऊ लागली. त्याच सुमारास पटकीची भयंकर साथ आली असता काही ख्रिस्ती कोळी आपल्या जुन्या देवतांकडे वळले. त्यांनाही दोष देण्याचे कारण नाही. ज्यांच्या मनात जुना देव कधी मावळलाच नव्हता, त्यांनी संधी मिळताच मुखवटा उतरविला. त्यांच्या दृष्टीने तोच प्रामाणिकपणा होता.

परंतु फार मोठा समुदाय जागचा हलला नाही. युरोपीय धर्मगुरू गेल्यावर या देशातील काळ्या वर्णाच्या धर्मगुरूंनी उपासना चालविली. १७६० मध्ये आंकेतील द्युपेरों हा फ्रेंच विद्वान कान्हेरीची लेणी पाहण्यासाठी साष्टीत आला होता. मराठ्यांच्या अमलात ख्रिस्ती लोक निर्धास्तपणे आपले सण व मिरवणुका करतात, हे त्याने नोंदविले आहे. ठाण्यात त्याने पाहिलेल्या उत्सवाला काही हजार ख्रिस्ती लोक जमले होते आणि सर्व विधी एतद्देशीय धर्मगुरूंनी चालविला होता. पोर्तुगीज राजवटीच्या दोनशे वर्षांत जमलेल्या कोणत्याही गर्दीपेक्षा या गर्दीचे मोल अधिक आहे. कारण तिच्यातील प्रत्येक माणूस घरी राहिला असता तरी त्याला कोणी जाब विचारणार नव्हते. ठाण्याच्या कोपिनेश्वर मंदिराची उभारणी सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांनी केली, तीही याच १७६० सालची. मासुंदा तलावाच्या परिसरात देऊळ आणि चर्च अशी जी शेजारी शेजारी नांदली, ती श्रद्धेवरील पहारा उठल्यानंतरच.

१७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाणे जिंकले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी त्यांच्याकडे कायम झाली. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास आगगाडी आली. पुढच्या वर्षी ती कल्याणास पोहोचली. या नव्या युगात, १८६९ च्या सुमारास, कल्याणच्या प्राथमिक शाळेत एक बुद्धिमान ब्राह्मण मुलगा दाखल झाला व चार वर्षे तेथे शिकला. त्याचे नाव नारायण वामन टिळक. पुढे नाशिकास गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन, कवी म्हणून लौकिक, आणि राजनांदगावच्या वाटेवर आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार, अशा टप्प्यांनी त्यांचे जीवन पुढे सरकले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

पोर्तुगीज काळातील काटा येथे पूर्ण उलटा फिरलेला दिसतो. टिळकांना जात गेली, आप्त गेले, आणि पत्नी लक्ष्मीबाई व मुलगा यांच्यापासून काही वर्षांचा वियोग नशिबी आला. मात्र त्यांच्या निष्ठेचा खरा पुरावा या हानीपेक्षाही त्यांच्या घरातील वर्तनात सापडतो. लक्ष्मीबाई त्यांच्याकडे नगरला परत आल्या त्या हिंदू म्हणूनच. त्या आपले सोवळे पाळीत, स्वयंपाक वेगळा करीत. पतीने तो करू दिला. जातिभेद देवाने केलेला नाही, हे त्यांना स्वतःच्या विचाराने पटले आणि मग १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास विलक्षण निर्मळपणे सांगितला आहे. १३२१ मधील ठाण्याच्या त्या माजघरापासून नगरच्या या माजघरापर्यंतचे अंतर मोजले, म्हणजे धर्म ओठांवरून अंतःकरणात उतरतो म्हणजे काय होते, ते कळते.

टिळकांनी आपल्या नव्या समाजातील दंभाकडेही डोळेझाक केली नाही. साहेबी पेहराव, साहेबी चालीरीती आणि मिशनच्या पगारावर पोसलेली भक्ती त्यांना सलत असे. ख्रिस्ताची भक्ती मराठी मनाने, भजन-कीर्तनाच्या वाटेने करावी, असा त्यांचा आग्रह होता. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले आणि ‘देवाचा दरबार’ ही बंधुसंस्था त्यांनी काढली. तिच्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान होते. चार शतकांपूर्वी ज्या सत्तेने पाणी शिंपडले की माणूस ख्रिस्ती झाला असे मानले होते, तिला कल्याणच्या शाळेत अक्षरे गिरविलेल्या या कवीने दिलेले हे उत्तर होय. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले.

ठाणे-कल्याणच्या या दीर्घ कथेतून निघणारा निष्कर्ष ख्रिस्ती धर्मापुरताच मर्यादित नाही. श्रद्धेला जेव्हा इनाम मिळते, तेव्हा दंभाचे पीक येते. तिच्यावर जेव्हा पहारा बसतो, तेव्हा ते दुप्पट येते. हे पीक पेरणारा बहुधा सिंहासनावर असतो, आणि त्याचा दोष मात्र दुबळ्यांच्या व त्यांच्या वंशजांच्या माथी मारला जातो. साष्टीतील ख्रिस्ती माणसाला त्याच्या पूर्वजांच्या बाप्तिस्म्याचे तांदूळ आठवून देणाऱ्यांनी १७३९ नंतरची वर्षे विसरू नयेत. ज्या दिवशी तांदूळ बंद झाला, त्या दिवसानंतरही जो प्रार्थनेस उभा राहिला, त्याची श्रद्धा त्याने स्वतः कमावलेली आहे. आणि ज्याने त्या दिवशी आपल्या जुन्या देवापुढे पुन्हा हात जोडले, त्याचीही.